कोयत्याचा घाव भरतो कसा?

(ऊस विकास अधिकाऱ्यांकडून)



या सदरात आम्ही आजवर बेणे, खते, पाणी आणि खोडवा याच विषयांवर लिहीत आलो. या अंकात विषय जरा निराळा घेतला आहे. पण तो फडातलाच आहे, कारण ज्याच्या हाताला कोयता कधी लागला नाही असा ऊसवाला आम्ही अजून पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी सुरू लागणी चालू असताना आम्ही वणी तालुक्यातील राजूरला गेलो होतो. राजूर म्हणजे चुन्याच्या भट्ट्यांचे आणि कोळशाच्या खाणीचे गाव. आजूबाजूला सगळी कपाशीची वावरे, त्यात कुठे विहिरीच्या पाण्यावर केलेला उसाचा एखादा तुकडा. तिथल्या एका सभासदांनी नवी लागण केली होती, ती पाहायला आम्ही थांबलो. अंगणात बाजेवर बसलो, चहा आला. भाऊंचा डावा हात दुपट्ट्यात गुंडाळलेला दिसला.

"हाताला काय झालं भाऊ?"

"काही नाही जी साहेब. टिपऱ्या पाडता पाडता कोयता बसला. नऊ दिवस झाले. चुना-तंबाखू दाबून बांधला हाये. होते आता बरं."

आम्ही आग्रह करून फडके सोडायला लावले. आंगठा आणि पहिले बोट यांच्या बेचक्यात खोल चीर होती. कडा पांढऱ्या पडून मेलेल्या, मध्ये पू, आणि सूज मनगटाच्या वर चढलेली. भाऊ नको नको म्हणत असता त्यांना गाडीवर बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मेलेले मांस काढले, जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, औषधे दिली. हात वाचला. जखम भरायला मात्र दोन महिने लागले.

पावसाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा भाऊंनी हात पुढे केला. "जखम तं भरली साहेब, पण आंगठा उघडत नाही. उसाची मूठ धरता येत नाही."

बेचक्यात कातडीचा जाड, चकचकीत पडदा धरला होता. त्याने आंगठा बोटाकडे ओढून ठेवला होता. आम्ही आमचा डावा हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला. पदविकेला असताना शेतावरच्या प्रात्यक्षिकात आम्हालाही जवळजवळ तिथेच कोयता लागला होता. त्याच दुपारी टाके पडले. आज तिथे पांढऱ्या दोऱ्याएवढी रेघ आहे, आणि आंगठा पुरा उघडतो. भाऊ दोन्ही हातांकडे पाहत राहिले. म्हणाले, "कोयता तं सारखाच असते साहेब. मंग असं कसं झालं?"

त्यांना तेव्हा जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. सगळ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ते आता सविस्तर लिहीत आहोत.

आधी रक्त थांबते

घाव बसताच पहिले काम शरीर आपण होऊन करते. तुटलेल्या रक्तवाहिन्या आवळतात. रक्तातले प्लेटलेट नावाचे बारीक कण फाटलेल्या जागी चिकटतात, आणि त्यांच्याभोवती फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे बनते. पाटाला भगदाड पडले की आपण आधी पाचट-काटक्या टाकतो आणि त्यावर माती थापतो, तसाच हा प्रकार. ही गुठळी म्हणजे तात्पुरता बांध असतो, आणि पुढच्या पेशींना चढायला मांडवही असतो. म्हणून ती उपसून काढू नये.

या वेळी आपले काम एवढेच. स्वच्छ फडके जखमेवर ठेवून दहा मिनिटे घट्ट दाबावे आणि हात वर धरावा. दर मिनिटाला उघडून पाहू नये. पाहिले की बांध फुटतो. रक्त थांबले की वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी.

मग सफाईची टोळी येते

काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेत उतरतात आणि आत शिरलेले जंतू मारू लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोठ्या भक्षक पेशी येतात. त्या मेलेले जंतू, मेलेल्या पेशी, कचरा सगळे गिळतात. त्यांचे दुसरे कामही महत्त्वाचे आहे. रान साफ झाले की पुढच्या कामाची माणसे बोलावणारा मुकादम असतो ना, तसे त्या नवे मांस विणणाऱ्या पेशींना रासायनिक निरोप धाडतात. सफाई रखडली तर निरोप जात नाही, आणि जखम तिथेच अडकून बसते.

पहिले दोन-तीन दिवस जखमेभोवती थोडी लाली, थोडी सूज, थोडी ऊब असणे हे काम चालू असल्याचे लक्षण आहे. त्याने घाबरू नये. पण तिसऱ्या दिवसानंतर सूज कमी होण्याऐवजी वाढू लागली, ठणका लागला, घाण वास आला, ताप आला किंवा जखमेपासून वर लाल रेघ चढताना दिसली, तर तासभरही न थांबता दवाखाना गाठावा.

आता चुन्याचे पाहू. राजूरकडे चुना हाताशी असतो, म्हणून तो जखमेवरही जातो. रक्त थांबल्यासारखे वाटते हे खरे. पण चुना दाहक आहे. तो जंतूंबरोबर आपल्या जिवंत पेशीही जाळतो. भाऊंच्या जखमेच्या कडा पांढऱ्या होऊन मेल्या त्या अशा. म्हणजे सफाईच्या टोळीला आम्हीच नवा कचरा आणून दिला! तंबाखू, राख, माती, शेण यांचे तर विचारूच नका. धनुर्वाताच्या जंतूची बीजे मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकून राहतात. खोल, बंद, हवा न लागणाऱ्या जखमेत ती जागी होतात. त्यांचे विष मज्जातंतूंना लागते. जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी ताठते आणि जीव जातो. जखम किती मोठी याला इथे अर्थ नसतो. बाभळीचा काटाही पुरतो.

एक विचार करून पाहा. टिपरीच्या कापलेल्या तोंडातून बुरशी शिरते, अननस रोग होतो, हे आम्ही शेकडो बैठकांत सांगितले. आपण १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम कालवून बेणे दहा-पंधरा मिनिटे बुडवतो. का? कारण उसाला आपला कापलेला भाग पुन्हा भरून काढता येत नाही, फार तर तो आतून बंद करून घेतो. माणसाच्या कातडीला तो पुन्हा भरता येतो, हे तिचे मोठे सामर्थ्य. आणि तरीही ज्या दिवशी आपण बेण्याला औषध देतो त्याच दिवशी स्वतःच्या हाताला तंबाखू लावतो. हे काही बरे नाही.

लाल मांस आणि ओली वाट

सफाई होत आली की चौथ्या दिवसापासून पुढे दोन-तीन आठवडे बांधकाम चालते. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येऊन कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणू लागतात. शेजारच्या रक्तवाहिन्यांना बारीक कोंब फुटून ते जखमेत शिरतात. जखमेच्या तळाशी लाल, दाणेदार, ओले मांस दिसते ते हेच. बरेच लोक त्याला घाण समजून खरडतात. खरडू नये. ते भरघोस उगवणीइतके चांगले चिन्ह आहे. धक्का लागला की त्यातून लगेच रक्त येते, कारण ते कोवळ्या रक्तवाहिन्यांनीच भरलेले असते.

त्याच वेळी कडेच्या कातडीतल्या वरच्या थरातील पेशी जखमेवर सरकू लागतात. खरचटलेली जखम असेल तर खोल उरलेल्या केसांच्या मुळांतूनही या पेशी बाहेर पडतात, म्हणून ती सगळीकडून एकदम भरते. खोल जखमेत केसांची मुळे गेलेली असतात. तिथे पेशींना फक्त काठावरून चालत यावे लागते. मोठी खोल जखम महिनोन् महिने रेंगाळते त्याचे हे एक कारण.

या पेशींना चालायला ओल लागते. 'जखमेला वारा लागू द्या, सुकू द्या' असे आपण सगळे ऐकत आलो. पण जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये डुकरांवर प्रयोग करून दाखवले की पातळ प्लॅस्टिकने झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने येते. उघडी जखम वाळून कडक खपली धरते, आणि पेशींना तिच्याखालून वाट काढत जावे लागते.

ही गोष्ट आपल्या मुंबईच्या डॉक्टरांनी फार साध्या वस्तूंनी साधली. परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली बांधून पाहिल्या. त्याचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध झाला. पुढे शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान वापरले. वाफेने निर्जंतुक केलेले पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना रुग्ण ओरडत नाही आणि नवी कातडी सोलून निघत नाही. त्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. मात्र बांधावरची केळ तोडून लगेच जखमेवर बांधावी असा याचा अर्थ नव्हे. निर्जंतुक करणे हाच त्यातला मुख्य भाग आहे. घरी आपल्याला स्वच्छ, न चिकटणारी पट्टी पुरे.

पुण्याजवळचा एक गाडीवान

जखम जुळायला किती दिवस लागतात याची आपल्या महाराष्ट्रात घडलेली एक हकिगत सगळ्या जगाला ठाऊक आहे. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेकडे बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. नंतर पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या कुंभाराने त्याला नवे नाक बसवले. क्रूसो आणि फिंडले हे मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर ती शस्त्रक्रिया पाहत होते. १७९४ मध्ये ही हकिगत चित्रासह लंडनच्या मासिकात छापून आली, आणि पुढे ती वाचून युरोपच्या डॉक्टरांनी ही रीत उचलली.

त्या कारागिराने मेणाचे नाक करून ते कपाळावर सपाट पसरले आणि तेवढ्या मापाची कातडी सोडवली. पण दोन्ही भुवयांमध्ये तिचा एक चिंचोळा पट्टा तसाच जोडलेला ठेवला. ती कातडी फिरवून खाली आणली. तुटलेल्या नाकावरचा जुना वण त्याने आधी तासून ओला केला, कारण जुन्या वणाला नवी कातडी चिकटत नाही. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या ठेवल्या आणि चार दिवस त्यांना हात लावला नाही. मग तुपात भिजवलेली फडकी. कपाळाशी जोडलेला पट्टा त्याने साधारण पंचविसाव्या दिवशी कापला.

तो पंचवीस दिवस थांबला का? तोवर नाकाच्या कातडीला रक्त त्या पट्ट्यातून मिळत होते. खालच्या जखमेतून नव्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरून तिला पोसू लागेपर्यंत पट्टा ठेवणे भाग होते. कलम बांधणारा माळी खुंटाचा रस कलमात पोचल्याशिवाय मूळ फांदी तोडत नाही, तसेच हे. सूक्ष्मदर्शक न पाहिलेल्या त्या कारागिराला जखमेचे वेळापत्रक माहीत होते. ते त्याने मोडले नाही, एवढेच.

आंगठा का अडकला?

आता भाऊंच्या प्रश्नाकडे येऊ. जखमेच्या कडा शेजारी शेजारी आणून टाके घातले तर भरण्याजोगी जागा फारच थोडी उरते. आमच्या हाताचे तसे झाले. भाऊंची जखम उघडी राहिली, तिच्या कडा मेल्या, मधली जागा मोठी झाली. अशी मोठी जागा शरीर दोन रीतींनी भरून काढते. एक, नवे मांस विणून; आणि दुसरी, जखमच आवळून लहान करून.

या आवळण्यामागे काय आहे ते जिनिव्हाचे गॅब्बियानी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७१ च्या सुमारास दाखवले. विणणाऱ्या पेशींपैकी काही पेशींमध्ये स्नायूसारखे ओढणारे धागे तयार होतात. त्या चहूबाजूंनी कडा आत ओढतात. पोत्याचे तोंड दोरीने आवळावे तसे. उंदीर-सशासारख्या ढिल्या कातडीच्या प्राण्यांत यात काही बिघडत नाही. माणसाच्या पाठीवर, मांडीवरही चालून जाते. पण बेचके, कोपर, गुडघ्याची लवण, मान, बोटांची पेरे इथे कातडी आवळली की सांधाच आवळला जातो. जखम रेंगाळेल तितके हे ओढणे लांबते. दुखते म्हणून माणूस हात मुडपून धरतो, आणि त्या मुडपलेल्या स्थितीतच वण पक्का होतो.

म्हणून सांध्यावरची खोल जखम शक्यतो सहा ते आठ तासांत डॉक्टरांना दाखवावी. टाके कधी घालायचे, कधी उघडे ठेवायचे, हात कोणत्या स्थितीत बांधायचा आणि कोणत्या दिवसापासून हलवायचा हे त्यांनी सांगावे, आपण ऐकावे.

वण म्हणजे पोत्याचे ठिगळ

कातडी भरली म्हणजे काम संपले असे नाही. तीन आठवड्यांनंतर वर्ष-दीड वर्षपर्यंत आत फेरबांधणी चालू असते. घाईत विणलेले कच्चे कोलॅजेन काढून त्या जागी पक्के कोलॅजेन घातले जाते. लाल, टणक, खाजणारा वण हळूहळू फिका आणि मऊ होतो तो याच काळात.

तरीपण ती जुनी कातडी नव्हे. आपल्या साखरेचे पोते पाहा. त्याचे विणकाम उभे-आडवे असते, म्हणून ते कुठूनही ओढले तरी तग धरते. निरोगी कातडीतले कोलॅजेनही असे जाळीदार असते. वणातले धागे मात्र बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात. फाटक्या पोत्यावर घाईने दोरे मारावेत तसे. खोल जखमेच्या वणावर केस येत नाहीत, घाम येत नाही. आईच्या पोटातल्या कोवळ्या गर्भाची जखम वण न राहता भरते; जन्मल्यावर हे भाग्य आपण गमावतो. पटकन झाकून घेणे, जंतूंना वाट बंद करणे, हेच शरीराला अधिक मोलाचे वाटते. देखणेपण मागे राहते.

ताकदीचा हिशेब असा. पहिल्या आठवड्याअखेर जखमेची ताकद मूळ कातडीच्या सुमारे ३ टक्के असते. तीन आठवड्यांनी ती २० ते ३० टक्के होते. तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के, आणि त्यापुढे ती जात नाही. टाके काढले की 'झालं बरं' म्हणून दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन फडात उतरणाऱ्यांनी हे आकडे पाठ करावेत.

काहींचा वण जाड आणि उंच होतो, पण जखमेच्या हद्दीत राहतो. तो पुढे काळानुसार बसू शकतो. काहींचा मात्र हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरतो. त्याला केलॉइड म्हणतात. छाती, खांदा, कानाची पाळी इथे तो अधिक, आणि आपल्यासारख्या सावळ्या लोकांत अधिक. तो कुणा वैदूकडून कापून घेऊ नये. नुसता कापला तर बहुधा परत येतो, आणि पहिल्यापेक्षा मोठा येतो. कातडीच्या डॉक्टरांकडे त्यावर इंजेक्शने आहेत.

आंबट खाल्ल्याने पू होतो काय?

गावोगाव आम्ही ऐकतो, जखम झालेल्याला लिंबू देऊ नका, डाळ देऊ नका, अंडे देऊ नका, पू होईल. हे अगदी उलटे आहे. कोलॅजेन हे प्रथिन आहे, आणि त्याचे धागे पक्के पिळले जाण्यासाठी क जीवनसत्त्व लागतेच. जॉन क्रँडन या अमेरिकन सर्जनने १९३९ साली हे स्वतःवर करून पाहिले. त्याने सहा महिने क जीवनसत्त्व नसलेले अन्न खाल्ले. तिसऱ्या महिन्यात पाठीवर केलेला छेद नीट भरला, सहाव्या महिन्यात केलेला आतून भरलाच नाही. क जीवनसत्त्व घेतल्यावर तो भरला.

याहून नवलाची गोष्ट इंग्रज दर्यावर्दी ॲन्सन याच्या १७४० ते १७४४ च्या जगप्रवासातली. जहाजावर ताजे अन्न नव्हते, खलाशांना स्कर्व्ही झाला. त्यात एक म्हातारा होता. १६९० च्या एका लढाईत त्याला लागले होते आणि पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या त्या जखमा पुन्हा उघडल्या! याचा अर्थ असा की वण एकदा बांधला की संपला असे नसते. शरीर तो आयुष्यभर उसवते आणि विणत राहते. विणायला माल मिळाला नाही की नुसते उसवणे उरते.

आपल्याकडे आवळा आहे, पेरू आहे, लिंबू आहे. तूर, हरभरा, दूध, अंडी आहेत. जखमी माणसाला ते भरपूर द्यावे. मधुमेह असेल तर रक्तातली साखर ताब्यात ठेवावी, कारण ती वाढली की पांढऱ्या पेशी मंद होतात आणि पायाची जखम कळतसुद्धा नाही. बिडी ओढू नये. तिने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि जखमेला रक्तच तर हवे असते.

हळद आणि आपली साखर

मग हळद लावावी की नाही? हळदीचा गुण खरा आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. तेव्हा आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याविरुद्ध अर्ज केला. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघटनेच्या मासिकातील लेख असे पुरावे दाखल झाले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आपल्या आज्यांचे ज्ञान कायद्याने मान्य झाले. पण डब्यातली, बाजारातली हळद निर्जंतुक नसते. खरचटल्यावर चिमूटभर लावली तर हरकत नाही. खोल घावात ती भरू नये.

आता साखरेचे. आपण जिचे पोते भरतो तीही जखमेवर वापरली गेली आहे. १९८० मध्ये ब्यूनोस आयर्सच्या हर्झाज या डॉक्टरांनी पू झालेल्या जखमांत साधी दाणेदार साखर भरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. योगायोग असा की त्याच मिसिसिपी राज्यात डॉ. नट्सन यांनी साखर आणि आयोडीनचे मिश्रण पाच वर्षांत ६०५ रुग्णांवर वापरून १९८१ मध्ये अहवाल दिला. यातली युक्ती आपल्या मुरांब्याचीच आहे. दाट साखर पाणी ओढून घेते, जंतूंना वाढायला पाणी उरत नाही. मात्र हे काम दवाखान्यात, स्वच्छ केलेल्या जखमेवर, रक्त पूर्ण थांबल्यानंतर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. सभासदांनी शेअरवर मिळालेली साखर घरच्या जखमेत भरून पाहू नये. गूळ तर मुळीच नको.

फडात काय करावे?

१. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवत नसेल, तर हंगामाआधी घ्यावे. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ते द्यायचे असते, ते चुकवू नये.

२. बोट वाकत नसेल, बधिर झाले असेल, रक्त उसळत असेल किंवा जखमेत पांढरी दोरी दिसत असेल तर घरगुती काही न करता, दाबून धरून सरळ दवाखान्यात जावे. आत शीर किंवा स्नायूची दोरी तुटलेली असू शकते.

३. बोट तुटून पडले तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घालावे, आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. सोबत न्यावे.

४. भट्टीवरचा कळीचा चुना अंगावर उडाला तर आधी कोरडाच झटकून काढावा, मग भरपूर पाण्याने निदान अर्धा तास धुवावे. डोळ्यात गेला तर मात्र क्षणभरही न थांबता पाणी मारत राहावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे.

५. प्रत्येक टोळीकडे साबण, स्वच्छ पट्ट्या, चिकटपट्टी आणि आयोडीनचे मलम असलेला एक डबा असावा. फार तर दोन-चारशे रुपयांचा खर्च आहे.

शेवटच्या मुद्द्याबद्दल दोन शब्द अधिक. टोळीतला माणूस जखम लपवतो. खाडा पडला तर त्याची उचल फिटत नाही, म्हणून तो चिंधी बांधून मोळ्या वाहतो. बायका तर त्याहून लपवतात. तोडणी आपल्या फडात चालली असेल तर विचारणे आपले काम आहे. "हात दाखव बरं," एवढे म्हटले तरी पुष्कळ होते. आम्ही भाऊंना नऊ दिवस उशिरा विचारले.

भाऊंना मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वण पुरता मऊ झाल्यावर बेचके मोकळे करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. तोवर रोज तेल लावून आंगठा हळूहळू ताणायचा आहे. यंदाच्या लागणीला आम्ही पुन्हा राजूरला गेलो होतो. टिपऱ्या मुलगा पाडत होता. बेणेप्रक्रियेच्या टाकीशेजारी पाण्याची दुसरी बादली, साबणाची वडी आणि धुतलेल्या फडक्यांची गुंडाळी ठेवलेली होती. आम्ही तिकडे पाहिले तसे भाऊ म्हणाले, "ते बेण्यासाठी, हे आमच्यासाठी."